डुक्कर फियाट आणि मुळशीचं पाणी

शेडचं दार खाली मातीत रुतून बसलंय. दोघांनी ते उचलून बाजूला सरकवलं, की पेंढा, उंदीर आणि सुकलेलं ग्रीस यांचा मिळून एक वास तुमच्या अंगावर येतो. कार्तिक चालू आहे. खळ्यावर आंबेमोहराची झोडणी उरकत आलीय आणि धरणाच्या बाजूनं गार वारं सुटलंय. तुम्ही मोबाइलचा उजेड आत धरता. पेंढ्याच्या भाऱ्यांमधून आधी एक गोल दिवा दिसतो, त्याची काच शाबूत. मग मडगार्डचा फुगवटा. मग बॉनेटचं ते पुढे आलेलं नाकाड, ज्याच्यामुळे महाराष्ट्रभर या गाडीला एकच नाव पडलं.

"हीच का हो दादा?"

"हीच. डुक्कर फियाट. आमच्या आईला इचारा, तिला समदं ठावं हाय."

कागदावर ती फियाट 1100. हे मॉडेल इटलीत 1953 साली आलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तिची जुळणी सुरू झाली. चार सिलिंडरचं 1089 सीसी इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा आणि पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबावर. 1964 मध्ये नव्या चेहऱ्याची डिलाइट आली आणि हे गोल रूप संपलं. इंजिन मात्र तेच पुढे चालत राहिलं. प्रेसिडेंटमध्ये तेच, पद्मिनीत तेच, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतही तेच.

दाराची मूठ फिरते, हे चांगलं लक्षण. पण बसायची घाई नको. आधी गुडघे टेकून खाली बघा. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची पेटी हीच तिची चेसिस. दारांखालून लांबीला जाणारे पत्रे कुजले, तर गाडी मधून वाकते आणि मग कितीही रंग चढवा, दारं लागत नाहीत. मुळशीत पावसाळ्याचे चार महिने ओल वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबत चला. डावीकडे सगळीकडे टणक. उजवीकडे मागच्या चाकाशी टोक अलगद आत जातं आणि तांबूस भुगा हातावर सांडतो. हाताच्या पंजाएवढी जागा कुजलीय. तेवढाच पत्रा कापून नवा वेल्ड करता येईल. ही गाडी वाचण्यासारखी आहे.

आता आत बसा. सीटच्या कापडाखालून काथ्या बाहेर आलाय, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलाय, डॅशबोर्डखालच्या कापडी वेष्टणाच्या वायरी कुरतडून ठेवल्यात. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवा. वरचा भाग हातांनी घासून गुळगुळीत झालाय, खालच्या भागावर मूळची खाच अजून बोटांना लागते.

आता 1989. तुम्ही त्याच सीटवर आहात, फक्त शेजारच्या. शेड नवीन आहे, पत्रे चकाकतायत. पौडचे डॉक्टर गाडी उलटी आत घेतायत, मान मागे वळवून, एक हात दारावर. गावोगावी आता मारुती दिसू लागलीय. ती पहिल्यांदा रस्त्यावर आली 1983 च्या डिसेंबरात, आणि तेव्हापासून फियाट घेऊन निघालेला माणूस जुन्या काळातला ठरू लागला. डॉक्टरांना मुलाकडे जायचंय. "पाऊस संपला की येऊन घेऊन जातो," ते म्हणतात, हँडब्रेक खेचतात, चावी आढ्याच्या वाशावर ठेवतात.

तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं: हँडब्रेक ओढू नका, ब्रेक शू ड्रमला चिकटतील. टाकीतलं पेट्रोल काढा, त्याचं राळेसारखं चिकट होईल. बॅटरी उतरवा. गाडीखाली विटा लावून टायर जमिनीपासून सोडवा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल ओता. पण 1989 मध्ये तुम्हाला आवाज नाही. डॉक्टर बॉनेटवर एकदा हात ठेवतात आणि दार लोटून निघून जातात. असंच होतं. बंद पडायची म्हणून कुणी गाडी बंद करत नाही, पुढच्या महिन्यात काढू म्हणूनच उभी करतात.

थोडं आणखी मागे. 1978 चा जुलै, मध्यरात्र उलटून गेलेली. पाऊस असा की समोरचं दिसत नाही. माले सोडून गाडी पौडच्या दिशेनं निघालीय आणि तुम्ही डॉक्टरांच्या शेजारी आहात. मागच्या सीटवर वीसेक वर्षांची एक बाई सासूच्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय, कण्हतेय, मधूनच ओठ घट्ट आवळून गप्प होतेय. पोर आडवं आलंय. पौडला हे होण्यासारखं नाही, पुण्याला ससून हॉस्पिटललाच न्यायला हवं.

रस्ता एका गाडीपुरता डांबरी. वायपर धाप लागल्यागत जातो, येतो. गाडीत डायनॅमो आहे, त्यामुळे इंजिन पळतं तेव्हा दिवे उजळतात आणि गाडी हळू झाली की पिवळे पडतात. म्हणजे नेमक्या वळणावर, जिथे उजेड हवा, तिथेच अंधार. डॉक्टरांना हे पाठ आहे. वळण आलं की ते खालच्या गिअरमध्ये जातात, इंजिनाचा आवाज चढवतात आणि उजेड राखतात. डाव्या हातानं गिअरचा दांडा वर, खाली, पुन्हा वर. घोटवडे फाटा. पिरंगुट. घाटात पाण्याचा लोंढा रस्त्यावरून आडवा वाहतोय; गाडी थांबत नाही. "आजी, तिला बोलतं ठेवा," डॉक्टर मागे न बघता सांगतात. "बोलतीया डाक्टर," सासू म्हणते, आणि सुनेच्या कपाळावरून पदर फिरवते.

भुकूम, भूगाव. चांदणी चौकाच्या खिंडीतून खाली पुण्याचे दिवे. पौड रस्ता, डेक्कन, संगम पूल. ससूनच्या दारात डॉक्टर हॉर्न सोडतच नाहीत. पुढची उलटी दारं अशा वेळी सोयीची पडतात. डॉक्टर दार मागे लोटून एका झटक्यात उतरतात, पाय अडकत नाही, आणि स्ट्रेचर आणायला धावतात.

पहाटे मुलगा झाला. आत्ता शेडचं दार उचलायला तुमच्याबरोबर ज्यांनी हात लावला, ते दादा हेच.

"हिच्यापायीच आम्ही दोघं ऱ्हायलो," दादांच्या आई, मावशी, म्हणतात. त्या ओट्यावर बसल्यात, सुपात तांदूळ आहे, हात चालूच आहे. डॉक्टर परत आले नाहीत. पुढे त्यांच्या मुलानं कागद यांच्या नावावर करून दिले. भंगारवाले किती आले नि किती गेले. "पैशाचं तुम्ही दादासंगं बोला. माझं येवढंच म्हननं हाय. चालती झाली की मला पौडला न्या हिच्यातनं. गप उभी करून ठेवनार आसाल तर हितंबी उभीच हाय की."

व्यवहार ठरतो. आता कामाला लागा. मागची दोन्ही चाकं जाम आहेत. 1989 चा तो हँडब्रेक. केबल सैल करा, ब्रेकचं अॅडजस्टमेंट उलटं फिरवा, ड्रमवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीनं चहूबाजूंनी ठोकत राहा. घाई केलीत तर ड्रम तडकेल. बऱ्याच वेळानं आतून 'खट्' असा आवाज येतो आणि चाक वीतभर फिरतं. टायर हवा धरतात, निदान घरापर्यंत धरतील. टोचन करून न्यायचा विचारही करू नका, ब्रेक नसलेली गाडी दोरीवर घाट उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. फ्लॅटबेड बोलवा. विंचची तार पुढच्या सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरला अडकवा, बंपरला नको. गावची पोरं मागून जोर लावतात आणि फियाट उजेडात येते.

धरणाच्या बाजूनं रस्ता वळतो तेव्हा ट्रकच्या काचेतून पाणी दिसतं, पार डोंगरापर्यंत पसरलेलं. मावशींचं एक वाक्य तुमच्या डोक्यात राहिलंय: "सासऱ्याचं गाव हितं न्हवं, तिकडं पान्यात."

1921. एप्रिलची 16 तारीख, रामनवमी. पाणी नाही. आत्ता जिथे तळं होतं तिथे खाचरं आहेत, आंब्याची झाडं आहेत, नीला आणि मुळा यांच्या काठची गावं आहेत. टाटांच्या कंपनीनं धरणाचं काम सुरू केलंय. सरकारनं भूसंपादनाचा कायदा त्यांच्या हाती दिलाय. ऊन चढतंय. मावळे माणसं कामाच्या जागेवर येऊन बसतायत, बाया आहेत, पोरं आहेत, आणि मजुरांच्या घमेल्यांसमोर सगळे शांत बसून राहतात. 'जान किंवा जमीन' ही घोषणा एका तोंडातून निघते आणि खोऱ्यात दुसऱ्या बाजूला ऐकू येते. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यात आहेत. याच लढ्यानं त्यांना सेनापती केलं. विनायकराव भुस्कुटे आहेत. आज काम थांबतं. तुम्हाला पुढचं माहीत आहे आणि तिथे बसलेल्यांना नाही, हे सोसायला कठीण आहे. लोक तुरुंगात जातील, बायाही जातील. पुण्यातले पुढारी हळूहळू काढता पाय घेतील. 1924 मध्ये बापट रेल्वेगाडी अडवतील आणि सात वर्षांची शिक्षा भोगतील. धरण होईल.

1927 पासून हे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे गेलं, कड्यावरून नळांतून कोकणात भिऱ्याला कोसळलं, टर्बाइन फिरवून कुंडलिकेला मिळालं, आणि त्यातून निघालेली वीज तारांवरून मुंबईला गेली. गिरण्यांना गेली, आगगाड्यांना गेली, कारखान्यांना गेली. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही टाटांची तीन जलविद्युत केंद्रं मुंबईच्या विजेचा मोठा आधार होती.

म्हणून आता पौड मागे टाकताना तुम्ही 1957 मध्ये, कुर्ल्याला आहात. आग्रा रोडवरच्या कारखान्याच्या आत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली ही कंपनी काढली. मोटार हिंदुस्थानातच बनवायची हे त्यांनी महायुद्धाच्या आधीपासून मनात धरलं होतं. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं पाठबळ देऊ केलं, पण ते मंत्रिमंडळ 1939 मध्ये पायउतार झालं आणि इंग्रज सरकारला युद्धाच्या काळात ही कल्पना नको होती. कारखाना अखेर उभा राहिला, आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवू लागला, मग फियाटच्या. 1953 साली टॅरिफ कमिशननं सांगितलं की ज्यांना गाडी खरोखर इथे बनवायची आहे त्यांनीच राहावं. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वालचंद वारले. डुक्कर फियाट त्यांनी रस्त्यावर पाहिली नाही.

कारखान्यात उष्मा आहे. काही भाग अजून इटलीहून खोक्यांतून येतात, काही इथे घडू लागलेत. तुमच्यासमोर एका गाडीच्या दाराखालचा पत्रा बसतोय. स्पॉट वेल्डिंगचा चिमटा दोन्ही बाजूंनी पत्रा धरतो, ठिणगी उडते, चिमटा बोटभर पुढे सरकतो, पुन्हा ठिणगी. कामगाराच्या बनियनला बारीक भोकं पडलीत. तो या ठिणग्यांकडे बघतही नाही. ही वीज आली कुठून, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. वायर मागे मागे धरत गेलात तर ती भिऱ्याला पोचते, भिऱ्याहून बोगद्यात, बोगद्यातून वर, आणि तिथे पाण्याखाली मावशींच्या सासऱ्याचं गाव आहे.

मला या गाडीबद्दल जे वाटतं ते सगळं या वायरीला धरून आहे. या मोटारी शहरातल्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावून घेतल्या, त्यांची किंमत त्यांनी मोजली. पण त्या आधी दुसऱ्या कुणी मोजलेली किंमत पावतीवर नव्हती. एक फियाट फिरून फिरून त्याच खोऱ्यात आली, एका अडलेल्या बाईला वेळेवर ससूनला पोचवून गेली. त्यानं काही फिटलं असं मी म्हणणार नाही. पण म्हणूनच ती चकाचक करून, दोरी बांधून, फोटोपुरती उभी करायला माझा जीव धजत नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर पडते, लोक ती डोळे भरून पाहतात, आणि ते योग्यच आहे. ती राजाची गाडी आहे. ही डॉक्टरांची गाडी आहे. हिला रस्ता पाहिजे.

पिरंगुटचा घाट, भुकूम, आणि भूगावात तुमचं घर. गाडी उतरली. इथून पुढचं काम सावकाशीचं, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात. पत्रा घासून मोकळा करतात, पैसे संपतात आणि गाडी उघडी पडून राहते. तुम्ही ब्रेकपासून सुरू करा. चारही व्हील सिलिंडर खोला, रबरं बदला, मास्टर सिलिंडरचं किट घाला, नळ्या नवीन टाका. मग तो उजवीकडचा पत्रा. मग वायरिंग, सगळंच नवं. कुरतडलेल्या वायरीला टेप लावून आग विकत घेऊ नका. इंजिनाचे प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडून ठेवा आणि काही दिवस हात लावू नका.

सुटे भाग हा खरा प्रश्न. बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जा. पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर या इंजिनाचे भाग मुंबईत मुबलक होते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 ची. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. तिच्यामागोमाग दुकानांतली खोकीही रिकामी होतायत, आणि त्याहून वेगानं मिस्त्री कमी होतायत. म्हणून मिस्त्री आधी शोधा, जो कार्बोरेटर उघडून जेट फुंकून साफ करतो, पॉइंटमधली फट पानं घालून मोजतो, कान लावून टॅपेट ऐकतो. तो साठीच्या पुढचा असेल. त्याच्याकडे एखाद्या शिकाऊ पोराला उभं करा. गाडीसाठी याहून मोठं काम तुमच्या हातून होणार नाही.

"पेट्रोल पूर्वीचं राहिलं नाय साहेब," मिस्त्री पंपाचा पडदा बोटांत धरून सांगतात. बरोबर आहे. जुनं पेट्रोल शिशाचं होतं, ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठका जपायचं; 2000 पासून ते देशभर बंद झालं. आताच्या पेट्रोलात इथेनॉल आहे, ते जुन्या रबराला टिकू देत नाही. पडदा, होस, सील सगळं नव्या पेट्रोलला सोसेल असंच बसवा, आणि हेड उघडलंच तर व्हॉल्व्ह सीट कठीण धातूच्या घालून घ्या.

कागदांचंही एक ठरवावं लागेल. 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्रानं 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणी आणली. 'व्हीए' अक्षरांचा नंबर, 20,000 रुपये शुल्क, 10 वर्षांची मुदत. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. मान मोठा आहे, पण तशी गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मावशींना पौडला नेणं त्यात कुठे बसतं? मी तुमच्या जागी असतो तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण केलं असतं. फिटनेस तपासणी, पर्यावरण कर, दर पाच वर्षांनी पुन्हा आरटीओच्या फेऱ्या. कटकट आहे. करावी.

आणि रंग? बॉनेटवर डॉक्टरांच्या हाताखाली जिथे मूळचा रंग विरलाय, तिथे मी पॉलिशशिवाय काही लावणार नाही. नवा पत्रा बसला तेवढा रंगवा. बाकी राहू द्या.

इंजिन. पुलीच्या नटावर पाना बसवा आणि हातानं फिरवा. जोर नको. अडलं तर उलट, पुन्हा सुलट. आज ते हलतं. प्लगच्या भोकांतून तेलाचे शिंतोडे उडतात, चारही पिस्टन वरखाली जातात. प्लग लावा, वायरी 1-3-4-2 या क्रमानं जोडा, बाहेर ठेवलेल्या डब्यातून ताजं पेट्रोल द्या. नवी बॅटरी. मिस्त्री कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरतात. "मारा सेल्फ."

पहिल्यांदा नुसता गुरगुराट. दुसऱ्यांदा सायलेन्सरमधून फटाका वाजतो आणि उंदरांनी साठवलेल्या भाताचं टरफल अंगणभर उडतं. तिसऱ्या वेळी एक सिलिंडर पेटतो, मग दुसरा, निळा धूर कंपाउंडबाहेर जातो, शेजारी गॅलरीत येतात, आणि चौथा प्लगही लागतो. इंजिन एका लयीत येतं. मिस्त्री स्क्रू पाव फेरा फिरवतात, लय आणखी खाली बसते. कुणीच काही बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाहीये, आणि मिस्त्रींचा शिकाऊ पोरगा दात काढून हसतोय.

"बंद करा, बंद करा!" तोच ओरडतो. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागलीय. तुम्ही चावी फिरवता. मिस्त्री खाली वाकून बोट लावतात, डाग तपासतात आणि पाना मागतात. झाळणं लागेल, आज रेडिएटर उतरवला तर परवापर्यंत बसेल.